दुसऱ्या क्षेत्रातून आयटीत जायचे आहे? आधी हा हिशेब मांडा

चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारा मेकॅनिकल इंजिनीअर, सीएकडे सहा वर्षे जीएसटीची विवरणपत्रे भरणारी बीकॉम पदवीधर, बँकेत कर्जाच्या फायली हाताळणारा अधिकारी. तिशीच्या आसपास यांपैकी अनेकांच्या मनात एकच विचार येतो: आपणही आयटीत जावे का? हिंजवडीला जाणाऱ्या बसा डोळ्यांसमोरून जात असतात आणि वर्गमित्राने वाकडला घेतलेला फ्लॅटही दिसत असतो. विचार चुकीचा नाही. पण बहुतेक जण सुरुवात 'कोणता कोर्स करू?' या प्रश्नाने करतात, आणि तो पहिला प्रश्न नाही.

आयटीतील मोठ्या कंपन्यांची नवख्यांची भरती प्रामुख्याने कॅम्पसमधून होते. जाहिरातीत पदवीचे वर्ष दिलेले असते. अमुक वर्षी उत्तीर्ण झालेलेच पात्र, दहावीपासून ६० टक्के हवेत, शिक्षणात खंड नको, अशा अटी असतात. २०१६ साली पदवी घेतलेल्याने कितीही चांगले कोडिंग शिकले तरी हा दरवाजा त्याच्यासाठी उघडत नाही. शिवाय हे काम मिळालेच तर पगार वर्षाला साडेतीन-चार लाखांच्या आसपास असतो. गेली अनेक वर्षे तो फारसा हललेला नाही. म्हणजे तिशीत क्षेत्र बदलणाऱ्याने बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहणे हा सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी पैसे देणारा मार्ग ठरतो.

जुना अनुभव फेकू नका

दुसरा मार्ग आहे, आणि त्याबद्दल क्लासवाले फारसे बोलत नाहीत. आयटी कंपन्या स्वतःसाठी सॉफ्टवेअर बनवत नाहीत. त्या बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी, मोटार कारखान्यांसाठी, औषध कंपन्यांसाठी बनवतात. त्या कारखान्यात स्टोअरमधून माल कसा निघतो, बिल अडकते कुठे, हे माहीत असलेला माणूस त्यांना लागतो.

सॅपचे उदाहरण घ्या. मोठ्या उद्योगांत हिशेब, खरेदी, साठा आणि उत्पादन ज्या प्रणालीवर चालते, त्यांपैकी ही एक प्रमुख. तिच्यात वित्त, साहित्य व्यवस्थापन, उत्पादन नियोजन असे वेगवेगळे भाग असतात. जुन्या ईसीसी आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, त्यामुळे अनेक उद्योग नव्या एस-फोर-हाना आवृत्तीकडे वळत आहेत. या स्थलांतरात कोड लिहिणाऱ्यांइतकीच गरज असते ती लेखापालाची भाषा समजणाऱ्याची. जो आज कारखान्यात सॅपवर रोज नोंदी करतो, त्याने आपल्याच कंपनीच्या सॅप टीममध्ये बदली मागून पाहावी. हा आयटीत शिरण्याचा सर्वांत स्वस्त रस्ता आहे: पगार चालू, अनुभव खरा आणि क्लासची फी शून्य.

बँकेतील माणसाला बिझनेस ॲनालिस्टचे किंवा बँकिंग सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगचे काम जवळचे. वाहन उद्योगातल्या इंजिनीअरला पीएलएम किंवा गाडीतील सॉफ्टवेअरची चाचणी जवळची. फार्मसीवाल्यांना क्लिनिकल डेटाचे काम. कोरी पाटी घेऊन जाण्यापेक्षा एक पाऊल जुन्या जमिनीवर ठेवून दुसरे नव्यावर टाकणे केव्हाही सोपे.

शिकायचे कुठे आणि कितीत

आधी फुकटात तपासा की हे काम आपल्याला आवडते का. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथॉन, लिनक्स अशा विषयांचे छोटे व्हिडिओ आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत ऐकता येतात. एनपीटेल आणि स्वयंवर पूर्ण अभ्यासक्रम मोफत आहेत. फी लागते ती फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. रोज दीड तास, तीन महिने, नोकरी न सोडता. या तीन महिन्यांत कंटाळा आला तर लाखभर रुपये वाचले असे समजा.

टेस्टिंगकडे जायचे असेल तर आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा उपयोगी पडते. ४० प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना १५ मिनिटे जास्त मिळतात. पण नुसत्या हाताने चाचण्या घेणाऱ्यांची गरज कमी होत चालली आहे. एसक्यूएल, एपीआयची चाचणी आणि थोडे ऑटोमेशन सोबत हवेच. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून साधा कोड आणि साध्या चाचण्या यंत्राकडून लिहून घेता येतात. त्यामुळे 'कोर्स केला' यापेक्षा 'यंत्राने लिहिलेल्यातली चूक मला सापडते' हे मुलाखतीत दाखवावे लागते.

पूर्णवेळ शिकायचेच असेल तर सी-डॅकचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली. अभ्यासक्रम साधारण सहा महिन्यांचा, वर्षातून दोन तुकड्या, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. मुख्यतः अभियांत्रिकी आणि संगणकाशी संबंधित पदवीधरांसाठी आहे, त्यामुळे बीकॉमवाल्यांनी पात्रता आधी पाहावी. दिवसभराचा अभ्यास असल्याने नोकरी सोडावी लागते, आणि तिथूनच खरा हिशेब सुरू होतो.

समजा हातात ३८ हजार येतात. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता धरून ३० हजार जातात. सहा महिने शिक्षण आणि पुढे नोकरी मिळेपर्यंत आणखी सहा महिने धरले, तर १२ महिन्यांचे ३ लाख ६० हजार. वर लाखाच्या घरातली फी. म्हणजे साडेचार लाखांची तयारी हवी. शिवाय सुरुवातीचा पगार २५-२८ हजार हाती पडला, तर दर महिन्याला दोन-पाच हजारांची तूट वर्षभर तरी भरून काढावी लागेल. हा आकडा घरात सगळ्यांना सांगा. पत्नीला किंवा नवऱ्याला, आईवडिलांना तो आधीच ठाऊक असला की आठव्या महिन्यातली भांडणे टळतात.

'नोकरीची हमी' आणि खोटा अनुभव

'आधी नोकरी, मग फी' अशी जाहिरात दिसली की करारात पैसे देणाऱ्याचे नाव शोधा. पुष्कळदा फीची रक्कम एखाद्या वित्तसंस्थेकडून तुमच्या नावावरच्या कर्जाने क्लासला मिळालेली असते. आधार आणि ओटीपी दिला की काम झाले. क्लास मध्येच सोडला, शिकवणारे बदलले, नोकरी लागली नाही, तरी हप्ता सुरूच राहतो आणि चुकला तर सिबिल बिघडतो.

त्याहून धोकादायक म्हणजे तीन वर्षांचा बनावट अनुभव विकणारे. त्यात पकडले जाण्याची वाट सरळ आहे. ज्या तीन वर्षांत तुम्ही अमुक सॉफ्टवेअर कंपनीत होतात असे लिहिता, त्याच काळात चाकणची कंपनी तुमच्या यूएएन खात्यात पीएफ भरत होती. पार्श्वभूमी तपासणारे आधी तेच पाहतात. फॉर्म २६एएसमध्ये पगारावर कर कापणाऱ्याचे नाव असते. रुजू झाल्यावर आठ महिन्यांनी उघड झाले तरी नोकरी जाते आणि त्यानंतरचे खरे अनुभवपत्रही मिळत नाही.

राजीनामा कधी

सलग पाच वर्षे पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. चार वर्षे आठ महिने झाले असतील तर चार महिने थांबा: मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २० हजार असल्यास ही रक्कम साधारण ५७ हजार ७०० रुपये होते. क्लासच्या फीसाठी पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या सेवेआधी काढल्यास त्यावर कर लागतो. तो त्याच यूएएनवर नव्या कंपनीकडे हस्तांतरित करता येतो.

जुन्या कंपनीचा नोटीस कालावधी मुलाखतीआधीच नेमणूकपत्रात वाचून ठेवा. तिथे ९० दिवस आणि नव्या कंपनीला ३० दिवसांत माणूस हवा, हा पेच नेहमीचा आहे. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येते का, ते आधी लेखी विचारा. आणि ऑफर लेटर आले तरी त्यात रुजू होण्याची तारीख आहे का पाहा. २०२२ च्या भरतीनंतर अनेक नवख्यांना पत्र हातात असूनही महिनोन्महिने बोलावणे आले नव्हते. तारीख नसेल तर ती ईमेलवर मागवून घ्या आणि उत्तर आल्यावरच राजीनामा टाका.