नजर, खाऊ आणि नावाचा पैसा

म्हैसुरात जुन्या वस्त्यांना अद्याप मोहल्ला म्हणतात. लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, नजरबाद मोहल्ला, आणि सयाजीराव रस्त्याच्या अंगाने पसरलेला, घाऊक बाजाराची ओळख नावातच बाळगणारा मंडी मोहल्ला. माझ्या धाकट्या बहिणीचे सासर या मंडी मोहल्ल्यात आहे. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन ज्याप्रमाणे हिंदुस्थानभर पांगली, त्याचप्रमाणे तिचे आजेसासरे येथे आले आणि येथलेच झाले. यंदा तिच्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली. त्याला काय द्यावे याची चर्चा निघताच बहीण म्हणाली, ‘दादा, वस्तू आणलीस तर कपाटात पडून राहील. गिफ्ट कार्ड दे, हवं ते तो घेईल.’ तिच्या बोलण्यात व्यवहार होता, तरी माझे मन घेईना. कारण वस्तू द्यावी की पैसा हा वाद कार्डाबरोबर जन्मलेला नसून त्याला दरबारांचा आणि दप्तरांचा मोठा इतिहास आहे.

त्या इतिहासाचा मुख्य शब्द ‘नजर’ हा होय. अरबी लिपीत दृष्टी या अर्थाची नजर आणि अर्पण या अर्थाची नजर हे दोन निराळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे, निराळ्या मुळांचे शब्द आहेत; मराठीने मात्र दोहोंचा उच्चार एक करून टाकला, आणि त्यामुळे वरिष्ठाच्या दृष्टीस पडावे म्हणून जे पुढे ठेवायचे ते नजर, असा एक सुंदर अर्थ आपोआप सिद्ध झाला. मोगली रिवाजाप्रमाणे दरबारात मोहरा किंवा रुपये रुमालावर ठेवून पुढे केले जात, आणि पुष्कळदा धनी त्यांना नुसता हात लावून ते परत करी. नाणे परत गेले तरी नजर पावली, कारण तिचे सार धातूत नसून स्पर्शात होते. पुढे हीच नजर दप्तरात शिरली आणि तिचे रूप पालटले. वतन वारसाकडे चालविताना किंवा दत्तकास मंजुरी देताना सरकार जो नजराणा घेई, तो भेटीचे नाव धारण केलेला करच होता. कंपनीच्या अमदानीत तर १७७३ च्या कायद्याने नोकरांना भेटी घेण्यास बंदी झाली. संस्थानिकांकडून आलेली चीजवस्तू तोशाखान्यात जमा व्हायची, तिची किंमत लागायची आणि परतभेट त्या मानाने द्यायची असा शिरस्ता पडला. भेटीला किमतीची चिठ्ठी अडकली ती अशी, पुष्कळ आधी.

अठराव्या वर्षाचे माहात्म्यही या शहराला अपरिचित नाही. ज्यांचे नाव सयाजीराव रस्त्याला आहे त्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना १८८१ च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हैसूरचे चौथे कृष्णराज वडियार, ज्यांचा जन्म ४ जून १८८४ चा, त्यांना ते ८ ऑगस्ट १९०२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत, अठरा वर्षे पुरी झाल्यावर दोनच महिन्यांनी मिळाले. त्या वयात माणसाला द्यायची खरी भेट म्हणजे स्वतःच्या निर्णयाचा अधिकार, हे दोन्ही घराण्यांत घडले. बहिणीचे म्हणणे मला पटले ते येथे.

पण आपल्या मराठी घरांनी हा अधिकार देण्याची एक वेगळीच रीत शोधली होती. आपल्यात पैसा उघडा दिला जात नसे, त्याला नाव नेसवून दिला जाई. राजघराण्यातील स्त्रियांना चोळी-बांगडीसाठी म्हणून गावेच्या गावे लावून दिल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या गावांचा वसूल चोळीत किंवा बांगडीतच खर्चावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ओवाळणी, पानसुपारी, साडीचोळी ही सारी अशीच नावे, आणि त्यांत सर्वांत प्रेमळ नाव खाऊचे. आजीने मुठीत कोंबलेल्या खाऊच्या पैशाचा पतंग आणला काय किंवा भोवरा आणला काय, हिशेब विचारला जात नसे. नाव माया सांगे, बंधन घालीत नसे.

कार्डाची गोष्ट नेमकी उलटी आहे. अमेरिकेत १९९४ साली नीमन मार्कस या पेढीने ते प्रथम विकावयास काढले असे सांगतात. आपल्याकडे बँका व इतर कंपन्या काढतात त्या भेटकार्डांवर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: एका कार्डाची रक्कम १०,००० रुपयांच्या वर नसावी, त्यात पुन्हा भर घालता येऊ नये, आणि त्यातून रोकड काढता येऊ नये. एखाद्या दुकानाने स्वतःपुरते काढलेले कार्ड तर त्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर निरुपयोगी. येथेही पैशाला नाव आहे, पण ते दुकानाचे. ते बंधन घालते आणि देणाऱ्याविषयी एक अक्षर बोलत नाही. स्वातंत्र्य देतो म्हणून जे दिले जाते त्याची मुदत आणि जागा आधीच ठरलेली असते, हे मला खटकते, आणि मुलांना आपण काय देतो याची काळजी असलेल्या प्रत्येकाला ते खटकावे असे वाटते.

शेवटी मी मोहल्ल्यातील एका कारागिराकडून शिसवी पेटी घेतली. मी गेलो तेव्हा तो कागदावर काढलेला हत्ती निराळ्या रंगाच्या लाकडाच्या पातळ पत्र्यावर चिकटवून बारीक करवतीने कापीत होता; मग तो आकार शिसवीवर ठेवून त्याची कड आखली, तेवढाच खळगा पटाशीने खोदला, आणि हत्ती त्यात सरसाने असा बसविला की बोट फिरवले असता सांधा लागेना. पूर्वी हे काम हस्तिदंताने होई. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी तो व्यापार बंद झाल्यापासून फणस, चाफा अशा लाकडांच्या नैसर्गिक रंगांवर भागते. हत्तीचा सुळा त्याने शेवटी बसविला, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढुरक्या लाकडाचा.

वाढदिवसाच्या सकाळी औक्षण झाले. पेटी भाच्याला आवडली. त्याने ती उघडून वास घेतला. मग त्याची आजी पाटाजवळ आली, पदराची गाठ सोडून चार घड्या पडलेली पाचशेची नोट तिने त्याच्या तळहातावर ठेवली, वरून त्याची बोटे मिटविली आणि म्हणाली, ‘खाऊला ठेव रे बाळा.’ सहा फूट उंचीचा तो मुलगा खाली वाकला, मिटलेली मूठ त्याने कपाळाला लावली, आणि नोट न उलगडता पेटीत ठेवून झाकण लावले.