माती, मीठ आणि मासे

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत नेवाशाजवळ प्रवरासंगम आहे. पावसाळ्यांत तेथें प्रवरा आणि गोदावरी यांचें पाणी काळ्या मातीनें गढूळ होतें. नद्यांवर मोठीं धरणें होण्यापूर्वीं ती माती शेंकडों मैल वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत जात असे आणि खाऱ्या पाण्याशीं गांठ पडतांच तळाशीं बसूं लागे. गोड्या पाण्यांत मातीचे कण ऋण विद्युद्भारामुळें एकमेकांस दूर लोटतात. मिठाच्या सान्निध्यांत ते एकत्र येतात. याच नियमावर मत्स्यपालनांतील एक उपाय उभा राहिला.

समुद्रांत पिंजऱ्यांत पाळलेल्या माशांचा मोठा शत्रु म्हणजे विषारी सूक्ष्म शैवाल. तें माजलें कीं पाणी तांबडें होतें, आणि पळून जाऊं न शकणारे मासे कल्ले बिघडून गुदमरतात. जपानांत कागोशिमाच्या किनाऱ्याकडे १९८० च्या सुमारास अशा पाण्यावर माती पसरण्याचे प्रयोग झाले. दक्षिण कोरियांत १९९५ सालीं या संकटानें सुमारें ७,६४० कोटी वॉनचें नुकसान केलें. दुसऱ्याच वर्षीं तेथें सुमारें ६०,००० टन पिवळी माती समुद्रावर टाकण्यांत आली. मातीचे कण शैवालास बिलगून त्यास तळाशीं नेतात.

मग शेततळ्यांत रोहू-कटला पाळणाऱ्या नगरच्या शेतकऱ्यानें हिरव्या पाण्यांत बांधावरची काळी माती टाकावी काय? तसें केल्यास पाणी केवळ गढूळ होईल. कारण तेथें समुद्राचें मीठ नाहीं. गोड्या पाण्यांतील माती बसविण्यास कांहीं जोड द्यावी लागते, हें जुन्या घरांतील गृहिणी जाणून होत्या. त्या रांजणाच्या आंतून निवळीचें बी घांसीत, किंवा पाण्यांत तुरटी फिरवीत. १९९० नंतर चीनमधील यू झिमिंग प्रभृति संशोधकांनीं मातीस ॲल्युमिनियमच्या क्षारांची जोड दिली, तेव्हां पुष्कळ कमी मातीनें काम भागूं लागलें.

तथापि तळाशीं गेलेलें शैवाल कुजतें आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायु खातें. जिवंत शैवालहि रात्रीं प्राणवायु शोषितें. म्हणून तळ्यांतील मासे बहुधा पहांटे मरतात आणि वर्षाची मेहनत एका रात्रींत वायां जाते. हें शैवाल पोसलें जातें तें शेण, खत आणि उरलेलें खाद्य यांवर. तेव्हां हीं बेतानें घालणें आणि पहांटेच्या सुमारास पाणी खेळतें ठेवणें, हीच शेततळ्याची खरी राखण होय.