बंदुकीच्या दारूचं झाड

आमच्या तात्याआजोबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लहानपणी आम्हा पोरांना त्या हाताची भीती वाटायची आणि कुतूहलही. विचारलं की ते म्हणायचे, "रानडुकरानं खाल्ली." पुढे कळलं, की डुकराचा संबंध होता, पण थेट नाही. पिकात शिरणाऱ्या डुकरांना हाकलायला घरी एक ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर गोळी किंवा छर्रे घालायचे आणि गजानं ठासायचं, म्हणून ठासणीची. आजही शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. बंदूक परवान्याची होती, दारू मात्र नव्हती. ती तात्या घरीच करत, आणि एके दिवशी ती हातातच पेटली.

तात्यांचं एक वाक्य आज्जी अजून सांगते: "सोरा बाजारात मिळतो, गंधकही मिळतो. कोळसा मात्र ओळखावा लागतो."

हे वाक्य मी बरीच वर्षं नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. कोळशात काय ओळखायचं? लाकूड जाळलं की कोळसा होतो, काळा तो काळा. पण युद्धांच्या इतिहासाबद्दल वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की तात्या जे बोलत होते त्यावर युरोपातल्या सरकारांनी डोकं फोडलं होतं, जंगलं राखली होती आणि एका ख्रिस्ती बिशपलाही कामाला लावलं होतं.

आधी थोडं शब्दाबद्दल. आपण बंदुकीच्या पावडरीलाही दारू म्हणतो आणि बाटलीतल्यालाही. 'दारू' हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. ज्या चीनमध्ये ही पावडर नवव्या शतकाच्या आसपास सापडली, तिथे तिचं नाव 'अग्नि-औषध' अशा अर्थाचं आहे. म्हणजे दोन भाषांनी जगातल्या पहिल्या स्फोटकाला औषधाचं नाव दिलं. चीनमध्ये त्याला कारणही होतं, तिथे ती औषधं आणि रसायनं करणाऱ्यांच्याच खटपटीतून निघाली.

या औषधात तीन जिन्नस. सोरा जळायला लागणारा प्राणवायू पुरवतो. गंधक लवकर पेट घेतो आणि आग पसरवतो. कोळसा हे खरं इंधन. यातले पहिले दोन जिन्नस जगभर फिरले. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपच्या लढायांना लागणाऱ्या सोऱ्याचा मोठा हिस्सा बिहारमधून जायचा. तिथले नोनिया लोक खारवट माती धुऊन, पाणी आटवून सोरा काढत, आणि पाटण्याच्या या मालासाठी डच, इंग्रज, फ्रेंच कंपन्या एकमेकींशी भांडत. गंधक यायचा सिसिलीच्या खाणींतून. सोरा आणि गंधक शुद्ध करता येतात. एकदा शुद्ध केले की पाटण्याचा सोरा आणि आणखी कुठला सोरा यात फरक उरत नाही.

कोळशाचं तसं नाही. कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन नव्हे. त्यात झाडाची राख असते, न जळलेले वायू अडकलेले असतात, आणि मुख्य म्हणजे त्या लाकडाची जाळीदार रचना तशीच शिल्लक असते. साग, ओक, बाभूळ यांचा कोळसा जड आणि घट्ट. लोहाराच्या भात्याला तो उत्तम, कारण तो टिकतो. बंदुकीच्या दारूला टिकाऊपणाच नको असतो. तिथे हवा हलका, भुसभुशीत, कमी राखेचा आणि पटकन जळून जाणारा कोळसा. आणि असा कोळसा देणारी झाडं म्हणजे एरवी ज्यांना कुणी विचारत नाही अशी. मऊ, पाण्याकाठची, कुंपणातली, झपाट्यानं वाढणारी.

इंग्लंडमध्ये अशी तीन नावं पुन्हापुन्हा येतात: विलो, ऑल्डर आणि ज्याला दारूवाले 'डॉगवूड' म्हणत ते. हे तिसरं नाव फसवं आहे. बागांतलं डॉगवूड वेगळं. दारूवाल्यांचं डॉगवूड म्हणजे ऑल्डर बकथॉर्न, दलदलीत वाढणारं एक झुडूप. बंदुकांच्या बारीक दारूला याच्या कोळशाइतकं चांगलं काही नाही, असा लौकिक होता. जर्मन भाषेत या झुडपाचं एक नावच 'पुल्व्हरहोल्झ' आहे, म्हणजे दारूचं लाकूड. फ्रान्समध्ये ते 'बुर्देन', आणि तिथे सरकारी दारूखात्याला या झुडपाच्या लाकडावर खास हक्क होता. त्याची साल मात्र जुलाबाचं औषध म्हणून विकली जायची. आणखी एक गंमत. इंग्लंडमधलं 'ब्रिमस्टोन' नावाचं पिवळं फुलपाखरू आपली अंडी याच झुडपावर घालतं. ब्रिमस्टोन म्हणजे गंधक. नाव पडलं ते पंखांच्या पिवळ्या रंगावरून, पण गंधकाच्या नावाचं फुलपाखरू दारूच्या झाडावर वाढतं हे खरंच आहे.

आता तो बिशप. रिचर्ड वॉटसन १७६४ मध्ये केंब्रिजला रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. निवड झाली तेव्हा आपल्याला या विषयातलं काहीच येत नव्हतं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. मग त्यानं कष्टानं विषय शिकून घेतला. पुढे तो लँडाफचा बिशप झाला. अमेरिकेच्या लढाईनंतर इंग्रज सरकार आपल्या दारूच्या दर्जावर नाराज होतं, तेव्हा त्याचा सल्ला घेण्यात आला. त्यानं सोऱ्याकडे किंवा गंधकाकडे बोट दाखवलं नाही. कोळसा उघड्या भट्टीत करू नका, बंद लोखंडी नळकांड्यांत करा, असं त्यानं सुचवलं. तसं करून पाहिलं, आणि दारूचा जोर इतका वाढला की सरकारनं सगळी पद्धतच बदलली. ससेक्सच्या जंगलात सरकारी कोळशाचे कारखाने उभे राहिले.

वॉटसनच्या आठवणींत एक प्रसंग आहे. तो राजाला, तिसऱ्या जॉर्जला, म्हणाला की ख्रिस्ती बिशप असून माणसं मारायची विद्या शिकवली, याची मला लाज वाटते. राजानं त्याची समजूत घातली: लढाई जितकी लवकर संपेल तितकी माणसं कमी मरतील. हा युक्तिवाद आपण त्यानंतरही प्रत्येक नव्या शस्त्राच्या वेळी ऐकलेला आहे. लढाया काही लवकर संपल्या नाहीत.

त्याच काळात, १७८७ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. लंडनजवळचा वॉल्थम ॲबीचा दारूचा कारखाना ब्रिटिश सरकारनं विकत घेतला. आणि हजारो मैलांवर, कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी इशापूर इथे ईस्ट इंडिया कंपनीनं आपला दारूचा कारखाना उभारायला घेतला. तिथलं उत्पादन १७९१ मध्ये सुरू झालं. वॉल्थम ॲबीला अडचण नव्हती, ऑल्डर आणि विलो शेजारीच वाढत होते. इशापूरला सोरा हाताशी होता, शेजारच्या बिहारचाच. गंधक जहाजानं आणता येत होता. पण बंगालच्या उन्हात ऑल्डर बकथॉर्न कुठून आणणार? आणि कोळशासाठी लाकडाच्या मोळ्या जहाजानं आणणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

मग साहेबाला इथल्या शेताबांधाकडे पाहावं लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदी वाचताना मला एक विचित्र शब्द भेटला, 'उरहुर'. दोनतीनदा मोठ्यानं म्हटला तेव्हा उलगडा झाला. अरहर! म्हणजे आपली तूर. इशापूरची दारू तुरीच्या काड्यांच्या कोळशावर चालत होती.

मी मराठवाड्यातला. तूर काढल्यावर शेतात ज्या काटक्या उरतात त्या तुराट्या. त्यांचं काय होतं? झोपडीच्या भिंतीला कूड होतो, कुंपण होतं, खराटा होतो, नाहीतर चुलीत जातात. धडाडून पेटतात आणि पाच मिनिटांत राख. आज्जी म्हणते, तुराटीवर चहा होतो, भाकरीला दुसरं लाकूड लागतं. चुलीपुढे बसलेल्या बाईची ती तक्रार होती, आणि दारूवाल्याला नेमका तोच गुण हवा होता.

त्याच जुन्या नोंदींत दारूच्या कोळशासाठी आणखी काही देशी झाडं येतात. रुई, जिच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. शेवरी, जी पानमळ्यात वेलींना आधार म्हणून लावतात. कुंपणाचा शेर, जो मोडला की दुधासारखा चीक येतो. यादी पाहिली तर एकही 'इमारती' लाकूड नाही. सगळी बांधावरची, उकिरड्याकडेची, फुकटची.

इथे मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडाबद्दल सूचना आहेत. आंबा, फणस ही झाडं कामाची असली तरी रयतेची तोडू नका, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात बजावलं आहे. जहाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं झाड लागतं, त्यामुळे ते तोडताना निदान कुणाला तरी दुःख होतं. दारूला लागणारं झाड तोडताना कुणाला काहीच वाटत नाही. विलो छाटला की पुन्हा फुटतो. तूर तर एका हंगामाची. कदाचित म्हणूनच जहाजाच्या सागवानाचा इतिहास लिहिला गेला आणि तुराटीचा तळटीपेत गेला.

हा शोध फक्त साम्राज्यांनी घेतला असं नाही. लाव्हाझिए फ्रान्सच्या सरकारी दारूखात्याचा एक प्रमुख होता. त्याच्या हाताखाली एसोनला शिकलेला एक तरुण, एल्युथेर इरेने द्यू पों, अमेरिकेत गेला आणि १८०२ मध्ये डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन ओढ्याकाठी त्यानं कारखाना काढला. तिथे कोळशासाठी विलो होते. दारूच्या गिरण्यांना तीन बाजूंनी जाड दगडी भिंती होत्या, चौथी ओढ्याकडची बाजू मुद्दाम कच्ची ठेवलेली. स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे जावा, शेजारची गिरणी वाचावी. आतल्या माणसाचं काय? तिथल्या कामगारांत कुणी मेला की 'तो ओढ्यापलीकडे गेला' असं म्हणायची पद्धत होती. १८१८ च्या एकाच स्फोटात तिथे तीसहून अधिक माणसं गेली.

पुढे तोफा मोठ्या झाल्या तेव्हा उलटी गरज निर्माण झाली. दारू जरा सावकाश जळायला हवी होती, नाहीतर तोफच फुटायची. १८८० च्या दशकात जर्मनीत यावर उत्तर सापडलं ते राय धान्याच्या पेंढ्यात. तो अर्धवट जाळून केलेल्या कोळशाची दारू तपकिरी दिसायची, म्हणून तिला कोको पावडर म्हणत. पुन्हा तेच, सुगीनंतर शेतात उरलेला कचरा. पण तिचं राज्य थोडे दिवस टिकलं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयनं धूर न करणारी दारू काढली आणि काळ्या दारूचं लढाईतलं काम हळूहळू संपत गेलं. ती उरली फटाक्यांत, वातींत आणि ठासणीच्या बंदुकांत.

इशापूरच्या दारूखान्याच्या जागेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफलचा कारखाना आला. वॉल्थम ॲबीचा कारखाना पुढे लोकांना सहलीसाठी खुला झाला. कोळशासाठी राखलेली ऑल्डरची राई तिथे अजून आहे. तोडायला कुणी येत नाही म्हणून झाडं उंच झाली आणि त्यांवर बगळ्यांनी वसाहत केली. ती जागा आता संरक्षित आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. बंदूक तेव्हाच पोलीस ठाण्यात जमा केली. आज्जी अंगणात बसली होती, मागे तुराट्यांचा भारा भिंतीला टेकवलेला. मी तिला इशापूर, बिशप, फुलपाखरू असं सगळं सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं. मग मी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं: तात्या कोळसा कशाचा करायचे?

"तुराटीचा. दुसरं काय होतं आपल्याकडं?"

म्हणजे कंपनीच्या साहेबांनी जे शोधून काढलं, ते तात्यांना त्यांच्या बापाकडून माहीत होतं. मला एकदम अभिमान वाटला. मी म्हटलं, म्हणजे तात्यांना कोळसा बरोबर ओळखता आला होता!

आज्जीनं माझ्याकडे पाहिलं.

"कोळसा बरोबर होता," ती म्हणाली, "म्हणून तर बोटं गेली."

आणि चहा ठेवायला उठताना तिनं भाऱ्यातून मूठभर तुराट्या ओढून घेतल्या.