पुण्याची पलटण, नाशिकची चढाई

नाशिक सोडून मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरकडे निघालात की आडगाव लागतं. साल 2013 धरा. दिवस कलला आहे, मैदानावर पाणी मारून झालंय, फक्कीच्या रेषा नुकत्याच ओढल्यात. तुम्ही रेषेपासून दोन हातांवर उकिडवे बसला आहात, इतक्या जवळ की चढाई करणाऱ्या पोराचा दम नीट ऐकू येतो. तो डाव्या कोपऱ्याकडे झुकतो, एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टाकतो, दुसरा हवेत उचलतो. बोनस. त्याच क्षणी कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो आणि दोघं घसरत तुमच्या पायाशी येतात. मातीचा ओला वास तुमच्या नाकात शिरतो. त्या पोराच्या गुडघ्याचं साल निघालंय. तो त्याकडे बघतही नाही, पंचाच्या हाताकडे बघतो.

या पोराला या खेळाचे पैसे मिळत नाहीत. फार झालं तर नोकरी मिळेल. पोलिसात, रेल्वेत, एखाद्या बँकेच्या संघात. कबड्डीत नाव काढायचं म्हणजे तेवढंच, असा त्या काळचा हिशोब आहे. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला करून दाखवला. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पहिल्यांदा पदक मिळालं आणि भारताने सोनं आणलं. त्या संघात अशोक शिंदे होते; ते नाव ध्यानात ठेवा, पुढे लागेल. इतकं सगळं होऊनही टीव्हीवर हा खेळ दिसत नाही.

आता वर्षभर पुढे चला. 26 जुलै 2014. मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीग सुरू होते आणि तुम्ही घरातल्या टीव्हीसमोर बसून ओळखीचाच खेळ अनोळखी वेषात बघता. माती नाही, मॅट आहे. अनवाणी पाय नाहीत, बूट आहेत. चढाईला तीस सेकंद. ओळीने दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर दोन गुण. खेळ तोच, पण आता त्यात श्वास घ्यायला उसंत नाही. आठ संघ आहेत. महाराष्ट्राचे दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. नाशिकचा संघ नाही. मग तुम्ही जवळचं पुणं धरता.

पहिल्या हंगामाचा पुण्याचा मुक्काम बघायला तुम्ही सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत बालेवाडीला पोचता. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं हे संकुल. आत दिवे, ढोल, नारिंगी झेंडे. आणि मॅटवर हार. पुणेरी पलटण पहिल्या हंगामात आठात आठवी येते. दुसऱ्या हंगामातही आठवी. कर्णधार वझीर सिंगसारखे जाणते गडी होते, मेहनतीत कसूर नव्हती. पण मला विचाराल तर तो संघ तेव्हा नावापुरताच पुण्याचा होता. ज्यांच्या खेळाची आपल्याला लहानपणापासून ओळख आहे असे गडी त्यात फारसे नव्हते. हरले की वाईट वाटायचं, जीव तुटायचा नाही.

2016 मध्ये संघ सावरतो. मनजीत छिल्लर कर्णधार, आणि प्रशिक्षक तेच बीजिंगवाले अशोक शिंदे. तिसरा क्रमांक मिळतो. पुढची वर्षं बरी-वाईट जातात, आपण त्यांवर रेंगाळायला नको.

थांबू या ते डिसेंबर 2021 मध्ये. कोरोनामुळे सगळी लीग बंगळुरूच्या एका हॉटेलात बंदिस्त आहे, प्रेक्षक एकही नाही. मॅटवर बुटांची चरचर आणि राखीव खेळाडूंच्या आरोळ्या, एवढाच काय तो आवाज. प्रशिक्षक अनुप कुमार दोन नव्या पोरांना मैदानात सोडतो. एक मोहित गोयत, दुसरा टाकळीभानचा अस्लम इनामदार. टाकळीभान म्हणजे श्रीरामपूर तालुका, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं गाव. अस्लमची चढाई बघताना तुम्ही पुढे सरकून बसता. त्याच्यात घाई नाही. समोरच्याला हात घालू देतो आणि हात पडायच्या आत निसटतो. ही मातीवरची चाल आहे, तुम्ही ती ओळखता.

पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला नाशिकचा आकाश शिंदे संघात दिसतो. इथून तुमचा टीव्हीसमोर बसण्याचा ढंगच बदलतो.

17 डिसेंबर 2022. मुंबई, अंतिम सामना, समोर जयपूर. पुण्याचा कर्णधार इराणचा फझल अत्राचली. दुखापतीने अस्लम बाहेर आहे, चढायांची धुरा आकाश आणि पंकज मोहिते यांच्यावर पडली आहे. आकाश मध्यरेषा ओलांडतो तेव्हा तुमचा हात नकळत गुडघ्यावर आवळतो. त्याच्यासमोर जयपूरचा बचाव साखळी करून उभा आहे, दोन्ही कोपरे आत सरकलेले. तो उजवीकडे हूल देतो, साखळी हलते, पण तुटत नाही. अर्ध्या वेळेला फरक अगदी थोडा. शेवटपर्यंत थोडाच राहतो, आणि तोच नडतो. 33-29, जयपूर. त्या रात्री तुम्हाला पहिल्यांदा जीव तुटणं कळतं. पुण्याची टीम हरली म्हणून नव्हे, आपली पोरं हरली म्हणून.

मग 7 ऑक्टोबर 2023, चीनमधलं हांगझोऊ. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. भारताच्या संघात अस्लम आहे, आकाशही आहे. पाच वर्षांपूर्वी जकार्तात याच इराणने भारताला उपांत्य फेरीत हरवलं होतं. 28-28 अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ उरलेला, आणि भारताच्या पवन सेहरावतच्या एका चढाईवरून वाद पेटतो. तो कुणालाही स्पर्श न करता बाजूच्या लॉबीत गेला, मागोमाग इराणचे गडीही गेले. बाद कोण? जुना नियम लावायचा की नवा? पंच एक निर्णय देतात, फिरवतात, पुन्हा देतात. दोन्हीकडचे खेळाडू मॅटवर बसकण मारतात. सामना जवळपास तासभर अडतो. शेवटी भारत 33-29 असा जिंकतो. नाशिकच्या गड्याच्या गळ्यात आशियाई सुवर्णपदक.

आणि दोनच दिवसांत मुंबईत लिलाव सुरू होतो. हांगझोऊत भारताला छळणारा इराणचा मोहम्मदरझा शादलू याला पुणेरी पलटण 2 कोटी 35 लाखांना घेते. परवा ज्याच्या विरोधात खेळले, त्याच्याच शेजारी आता अस्लम आणि आकाशला उभं राहायचंय. प्रशिक्षक बी. सी. रमेश, कर्णधार अस्लम. या संघाचं वय बघा, बहुतेक पोरं पंचविशीच्या आतली. मोठ्या नावाचा एखादाच गडी घ्यायचा, बाकी घरची तालीम, हा हिशोब मला फार पटला. साखळीत ते पहिले येतात, उपांत्य फेरीत पाटण्याला 37-21 असं लोळवतात.

1 मार्च 2024, हैदराबादचं गच्चीबोवली स्टेडियम. समोर हरियाणा स्टीलर्स. पहिला अर्धा डाव दोन्ही संघ हात राखून खेळतात, गुण मोजकेच निघतात. मध्यंतराला थोडाच वेळ उरला असताना पंकज मोहिते चढाईला जातो. बचाव अंगावर येतो, कुणी कमरेला, कुणी मांडीला. तो खाली जात नाही, पुढे झुकतो आणि सगळं ओझं ओढत मध्यरेषेकडे हात टाकतो. बोटं पोचतात. एका चढाईत चार गुण! तुम्ही उठून उभे राहिला आहात, हे तुम्हाला घरच्यांनी सांगितल्यावर कळतं. मध्यंतराला 13-10. पुढच्या अर्ध्यात हरियाणावर लोण चढतो. तरी हरियाणा सोडत नाही, फरक घटत येतो. त्यांच्याकडे आपल्याच कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई आहे, त्याच्या प्रत्येक चढाईला तुमच्या पोटात गोळा येतो. शेवटची शिट्टी. 28-25. दहाव्या हंगामात, आठात आठवीपासून सुरुवात केलेली पलटण पहिल्यांदा विजेती. अस्लम करंडक उचलतो, मागच्या घोळक्यात आकाशही आहे.

पण लिलावाचा खेळ कुणाला एका जागी ठेवत नाही. 29 ऑगस्ट 2025 ला विशाखापट्टणमला तुम्ही पुणेरी पलटणचा पहिला सामना लावता आणि आकाश समोरच्या बाजूला दिसतो, बंगळुरू बुल्सच्या लाल जर्सीत. चाळीस मिनिटं संपतात तेव्हा 32-32. टायब्रेकरच्या पाच-पाच चढायांवर निकाल ठरणार. तुम्ही आकाशच्या चढाईला ओरडता, मग अस्लमच्या पोरांच्या चढाईलाही ओरडता, आणि पुणे 6-4 असं जिंकल्यावर काय वाटून घ्यावं हे ठरवत बसता.

त्याच हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत जाते. 31 ऑक्टोबर, दिल्ली, समोर दबंग दिल्ली. तरुण आदित्य शिंदे चढायांवर चढाया करून पुण्याला झुंजत ठेवतो. शेवटच्या काही सेकंदांत तो पुन्हा मध्यरेषा ओलांडतो, आणि दिल्लीच्या कोपऱ्यात त्याची वाट बघत उभा असतो फझल अत्राचली, 2022 च्या रात्री पुण्याचं नेतृत्व करणारा तोच गडी. त्याची पकड बसते. दिल्ली 31, पुणे 28.