पंखाचा पीळ

मी आयुष्यात एकच विमान पाडलं आहे. आणि तेही स्वयंपाकघरात.

आमच्या चिरंजीवांनी पंधरा दिवस खपून बाल्साच्या काड्यांचा पंख जुळवला. त्यावर टिश्यूचा कागद डोपनं, म्हणजे नेलपॉलिशसारख्या वासाच्या रोगणानं, कडेकडेनं चिकटवला. कागद सुरकुतलेलाच. मग पाणी फवारून पंख टाचण्यांनी पाटाला जखडला. "बाबा, वाळताना कागद आवळतो. रात्रभर हात लावू नका," असं बजावून स्वारी झोपली.

मी म्हटलं, पोराला मदत करू. पंख सोडवला आणि गॅसवर चांगला हातभर उंच धरला. कागद तबल्यासारखा ताठ झाला हो! फक्त पंखाची जिलबी झाली. बाल्सा मऊ, कागद दोन्ही बाजूंनी सारखा आवळला नाही, की तो काड्यांनाच पिळून काढतो. सकाळी चिरंजीव एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

प्रायश्चित्त म्हणून मी पुस्तकं उघडली. १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो या २१ वर्षांच्या पोरानं रबराच्या पिळावर चालणारं चिमुकलं विमान ११ सेकंद उडवलं. त्याच्याच धर्तीचं, बांबू, बूच आणि कागदाचं उडतं खेळणं राइट बंधूंच्या वडिलांनी १८७८ मध्ये घरी आणलं. ते मोडलं, तेव्हा पोरांनी स्वतः नवं केलं. १९०३ च्या त्यांच्या खऱ्या विमानाला सुती मलमल होती. पहिल्या महायुद्धातल्या विमानांना लिनन चढवून वर डोप फासत. वाळताना ते कापड आवळून घेई. आमच्या पंखाचंच थोरलं भावंड! १९४० मध्ये प्रथम उडालेल्या ब्रिटिश 'मॉस्किटो' विमानाच्या अंगात तर प्लायवुडच्या मधोमध बाल्साच होता, आणि वर डोप दिलेलं मादापोलम नावाचं सुती कापड. हे नाव आपल्या आंध्रातल्या, नरसापूरजवळच्या एका गावावरून पडलेलं!

पण माझ्या मनात राहिले ते राइटांचे वडील. त्यांनी खेळणं दिलं आणि ते बाजूला झाले. त्यांनी माझ्यासारखी मदत केली असती, तर जग आजही बोटीनंच फिरलं असतं.

दुसरा पंख तयार झाला. पाणी फवारलं, टाचण्या लागल्या. मला काम मिळालं : गप्प बसणं. बसलो. सकाळी टाचण्या निघाल्या, पंख सरळ! मी हळूच टिचकी मारायला बोट पुढं केलं.

"बाबा, हात नका लावू!"

बोलले बुवा एकदाचे.