पावसाचे पाणी आणि ऊर्ध्वपातनाचा भ्रम

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हापासून नांदेड-लातूरकडे छतावरचे पाणी साठवण्याचा विषय निघाला की एक विधान हटकून कानी पडते. पाऊस म्हणजे निसर्गानेच ऊर्ध्वपातन केलेले पाणी. सूर्य वाफ करतो, ढग ती वाहून आणतो आणि खाली सोडतो. वाटेत काही घडत नाही.

या मताचे आधार पोकळ नाहीत. समुद्राचे क्षार वाफेबरोबर वर जात नाहीत, हे खरे. किनवट भागातल्या फ्लोराइडयुक्त बोअरच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्यात क्षार कितीतरी कमी, हेही खरे, ते साठवावेच. यापुढचे युक्तिवाद मात्र तीन आहेत: ढगात प्रकाश व उष्णता कमी, म्हणून क्रिया होणार नाहीत, बर्फावरचे रसायन ही ध्रुवप्रदेशाची गोष्ट, आणि आपल्या पावसाचा सामू ७ च्या आसपास भरतो, म्हणजे पाणी निर्मळ. तिन्ही तपासून पाहू. निवाडा वाचकांनी करावा.

आधी ढगाचे माप घ्या. एक घनमीटर ढगात अर्धा ग्रॅम पाणी धरा. त्याचा एकच थेंब केला तर पृष्ठभाग सुमारे तीन चौरस सेंटिमीटर. तेच पाणी १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबांत विखुरले की पृष्ठभाग १,५०० चौरस सेंटिमीटर होतो. पाचशे पट! हवेतले वायू पाण्यात शिरतात ते याच पृष्ठभागातून. प्रकाशाचे म्हणाल, तर दाट ढगाखाली अंधारते हे मान्य. पण ढगाच्या वरच्या थरात किरण थेंबाथेंबावरून विखुरतात, त्यांची वाट लांबते आणि तिथे प्रकाशरासायनिक क्रियांना उलट जोर येतो. सूर्याचे अतिनील किरण ओझोन फोडतात, सुटलेला ऑक्सिजनचा अणू बाष्पाशी संयोग पावून हायड्रॉक्सिल बनवतो आणि त्या साखळीत पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते पाण्यात सहज विरघळते. लातूरच्या शेजारच्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र कोळसा जाळते. अशा धुरातला सल्फर डायऑक्साइड थेंबात शिरला की हे पेरॉक्साइड त्याचे सल्फ्युरिक आम्ल करते. वायुरूपात याच बदलाला दिवस लागतात, थेंबात काही मिनिटे ते काही तास. थेंबातल्या या शेवटच्या क्रियेला प्रकाश लागत नाही, पण पेरॉक्साइड ही प्रकाशाचीच निर्मिती. मग वाटेत काही घडत नाही, हे कशाच्या बळावर म्हणायचे?

थंडीत रसायन गोठते, या समजुतीला तर इतिहासानेच उत्तर दिले आहे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोनचा ऱ्हास जाहीर झाला, तेव्हा निव्वळ वायूंच्या रसायनाने त्याचा हिशेब लागेना. १९८६ मध्ये सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते ध्रुवीय ढगांतल्या कणांवर. हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट हवेत एकमेकांना जवळपास दाद देत नाहीत. उणे ७८ अंशांखालच्या त्या कणांच्या पृष्ठभागावर मात्र त्यांची क्रिया होते, क्लोरीन सुटतो आणि वसंतातला पहिला सूर्यप्रकाश त्याचे अणू वेगळे करतो. बर्फाचा पृष्ठभाग आतल्या स्फटिकासारखा घट्ट नसतो. गोठताना बाहेर ढकललेली द्रव्ये तिथेच दाटतात. ग्रीनलंडच्या हिमातल्या नायट्रेटवर ऊन पडले की नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत परततात, हेही मोजले गेले आहे.

ध्रुवाशी आमचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवावी. हातातोंडाशी आलेला गहू-हरभरा झोडपणारा तो बर्फ मराठवाड्याच्याच आकाशात घडला होता. खाली चाळीस अंशांचा उन्हाळा असला तरी चार-पाच किलोमीटर उंचीवर शून्य अंश असतेच. लातूरवर ओझोनला भोक पडेल, असा माझा दावा नाही. क्लोरीनची ती विशिष्ट क्रिया इथल्या ढगात होत नाही. पण बर्फाचा पृष्ठभाग, त्यावरची द्रव्ये आणि ऊन ही तिन्ही इथे आहेत.

उरला सामू. प्रतिपक्षाचा हा सर्वांत आवडता पुरावा, आणि तोच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. शुद्ध पाणी उघड्या हवेत ठेवले की कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामू ५.६ च्या आसपास स्थिरावतो. पाऊस खरोखर ऊर्ध्वपातित असता तर तोही तिथेच थांबला असता. भारतात अनेक ठिकाणी तो त्याहून वर आढळतो, कारण आपल्या मातीची चुनखडीयुक्त धूळ ढगात मिसळते आणि घडलेले आम्ल मारते. अशा पावसात सल्फेट, नायट्रेट आणि कॅल्शियम एकत्र सापडतात. सामू ७ म्हणजे तिथे आम्लही होते आणि त्याला मारणारा चुनाही होता. काहीच घडले नसेल, तर ५.६ चे ७ कोणी केले?