संतुलनेंद्रिय
संतुलनेंद्रिय हे डोक्याची स्थिती व हालचाल ओळखणारे, अंतर्कर्णातील इंद्रिय होय. ते कानशिलाच्या हाडात, ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागून असते. डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसालाही आपण ताठ आहोत की कललो आहोत हे कळते, त्यात या इंद्रियाचा मोठा वाटा आहे. त्याच्या अभ्यासासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना व कार्य
प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल व सॅक्युल या दोन पिशव्या असतात. नलिका डोक्याचे वळणे टिपतात. खाली-वरची दिशा पिशव्या सांगतात. पिशव्यांतील केसपेशींवर चिकट पापुद्रा व त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. डोके कलले की जड खडे उताराकडे सरकतात, केस वाकतात व मज्जातंतूंमार्फत मेंदूला सूचना जाते. तोल सावरण्यासाठी पाठीचे व पायांचे स्नायू लगेच ताठरतात. मल्लखांबावर उलटा झालेला खेळाडू डोळे मिटूनही जमीन कोणत्या बाजूला आहे हे जाणतो, ते बरेचसे या खड्यांमुळेच.

मात्र कलणे आणि वेग वाढणे यांतील फरक खड्यांना कळत नाही. म्हणून मेंदू डोळे, सांधे व तळपाय यांची साक्ष काढतो. घाटातील बसमध्ये पुस्तक वाचताना कान व डोळे यांच्या साक्षी जुळत नाहीत आणि गाडी लागते.

विकार
खडे सुटून नलिकेत शिरले, तर अंथरुणात कूस बदलताच काही सेकंद गरगरते. हा मानेच्या मणक्यांचा दोष समजून कधी गळ्याला पट्टा बांधला जातो. त्याने खडे जागी येत नाहीत. अमेरिकी वैद्य जॉन एपली यांच्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने फिरवल्यास बहुधा येतात.

क्षयरोगावर दीर्घकाळ वापरले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन, तसेच जेंटामायसिन, केसपेशी कायमच्या नष्ट करू शकते. ऐकू नीट येत असल्याने हानी लवकर ध्यानात येत नाही. रुग्ण उजेडात डोळ्यांच्या आधारे चालतो. अंधारात किंवा शेताच्या बांधावर मात्र त्याचा पाय ठरत नाही. अशी इंजेक्शने चालू असताना चालणे डळमळू लागल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगणे आवश्यक असते.